पायाशी ऊब

रुस्तावीच्या बाजारात आधी वारा भेटतो, मग गाड्या.
पत्र्याला पत्रा लागलेला, काचांवर खडूने किमती,
आणि प्रत्येक गाडी एकाच हातातली,
तो हात नेहमी कुणा डॉक्टरांचा.

बरोबर नुगझार, नवऱ्याचा मावसभाऊ,
ज्याला गाड्यांतलं सगळं कळतं
असं तोच सांगतो.
नवरा पोलंडात. तिथल्या गोदामातले त्याचे अठरा महिने
माझ्या स्वेटरच्या आतल्या खिशात, सेफ्टी पिन लावून.
घरी तीन मुलं, एक सासू,
आणि सासूचे गुडघे. ते वेगळे मोजावे लागतात.

पहिली गाडी चंदेरी.
किल्ली फिरवा, म्हणाला विकणारा, एका झटक्यात उठते की नाही बघा.
उठली.
मग मी बॉनेटवर हात ठेवला. आधी ठेवायला हवा होता.
गरम, नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टासारखं.
आम्ही यायच्या आधीच कुणीतरी तिला
खोकून घ्यायला लावलं होतं.

दुसरी जहाजाने आलेली, अमेरिकेतून, सात जणांची.
आत देवदाराचा वास, डोळे चुरचुरावेत इतका.
नुगझार इंजिनात वाकला. सोनं आहे, म्हणाला.
मी मागच्या सीटचा पट्टा ओढला,
ओढत गेले, जिथवर कुणी ओढत नाही तिथवर,
आणि तिथे रेघ. तपकिरी, सरळ,
पट्टी ठेवून आखावी तशी.
इथवर पाणी होतं.
कुठल्या गावात, कुणास ठाऊक.
सीटखाली बोटं घातली तर केसांची पिन, पिवळी,
खाचेत बारीक वाळू.
होती तिथेच ठेवली. मी काही बोलले नाही.
तोच बोलला: धुतलेली आहे, बाई.

दुपारपर्यंत दारांवर चुंबक फिरवला.
चिकटला नाही तिथे पुट्टी.
किलोमीटरचा आकडा काहीही म्हणो,
ब्रेकच्या पेडलावरचं झिजलेलं रबर चुगली करतं.

रांगेच्या टोकाला, कचऱ्याच्या डब्यांपाशी
ओतिया नावाचा म्हातारा घरची खुर्ची आणून बसला होता.
जपानी गाडी, स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून स्वस्त.
न विचारताच सांगू लागला:
मागची डावी काच उतरत नाही.
तेल पिते, महिन्याला अर्धा लिटर.
थंडीत हॉर्नचा घसा बसतो.
नुगझार माझ्या कानात: इतकं सांगतोय
म्हणजे मोठं काहीतरी लपवतोय.

त्याने वही दिली. प्रत्येक लिटर, प्रत्येक फेरी, निळ्या शाईत.
आंघोळीचे झरे. लेकीचं लग्न. द्राक्षं आणायला.
शेवटची पानं: दवाखाना, त्बिलिसी.
दवाखाना. दवाखाना. एक दिवसाआड.
मार्चनंतर कोरं.

नुगझारने पाचशे लारी कमी सांगितले.
म्हातारा म्हणाला, बरं.
भांडायच्या तयारीने आलेल्याला हा शब्द फार लागतो.
तीनशेच कमी करा, असं मी म्हणू शकले असते.
म्हटलं नाही.
पाचशे लारी म्हणजे तिघांचे हिवाळ्याचे बूट.
हेही त्या दिवशी शिकले,
चांगलं शिकले असं नाही म्हणणार.

किल्ली देताना त्याने एवढंच विचारलं:
डावीकडे कोण बसणार?

काच खरंच उतरत नाही. हॉर्न घोगरा.
सगळं सांगितल्याबरहुकूम, एक सोडून.
हीटर बंद केला तरी डाव्या सीटच्या पायाशी
गरम हवा येतच राहते.
बघ, म्हणाला नुगझार, लपवलंच शेवटी.

मेकॅनिक आत डोकं घालून बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, बिघडलेलं नाही हे.
झडप बंद होऊ नये म्हणून कुणीतरी तार बांधलीय,
दुहेरी गाठ, टोकं आत वळवून, पायाला टोचू नयेत अशी.
सोडवू?

सासूबाई तोवर
बूट काढून बसल्या होत्या.